‘आने दो’ आणि ‘येऊ दे’

आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा असला की जेवणं झाल्यावर कुणीतरी हात मागं बांधून उभा राहतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "आने दो." सगळे हसतात. मीही हसतो, इतरांच्या जरा आधी. ही नक्कल पहिल्यांदा मीच करून दाखवली होती. विनोद असा की पोलीस अ‍ॅक्शननंतर आमच्या फुटबॉल संघाला जो नवा उस्ताद मिळाला, त्यानं अंतिम सामन्यात आमच्याच गोलकीपरला ओरडून सांगितलं, बॉल येऊ दे, आणि सामना घालवला. त्या सामन्यात खेळलेला आता मी एकटाच उरलो आहे. उस्तादानं तसं काही सांगितलं नव्हतं.

तो निजामाच्या फौजेतला हवालदार. पलटण मोडली तेव्हा त्याच्याजवळ एक जोड बूट आणि फुटबॉलची अक्कल एवढंच राहिलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्याला एका हंगामापुरता ठेवला. चषक आला तर नोकरी कायम आणि कॉलेजच्या मागची एक खोली. नाही आला तर खुदा हाफिज. बायको आणि मुली हैदराबादला सासऱ्याकडे होत्या. खोली मिळाली की त्यांना आणणार, हे तो कुणालाही सांगायचा, विचारलं नसलं तरी.

तो येईपर्यंत आमचा खेळ सोपा होता. बॉल जिकडे, तिकडे गोलकीपर सोडून सगळे. उस्तादानं सुरुवातीला आम्हाला बॉल दिलाच नाही. बचावाच्या खेळाडूंना हात मागं बांधून उलटं चालायला लावलं. समोरून एकजण धावत यायचा. त्याच्यावर झडप घालायची नाही, तो चुकेपर्यंत नुसतं मागं सरत राहायचं. उस्ताद बाजूनं चालत म्हणायचा, "आने दो मियाँ, आने दो. बारात आ रही क्या, दौड़ के लेने जा रहे?" फुलंब्रीकडे निघालेल्या एका गाडीवानानं बैल थांबवून विचारलं, या पोरांना कसली शिक्षा झाली. मी कप्तान असल्यानं उत्तर मला द्यावं लागलं. मी म्हणालो, खेळ चालू आहे. तो बराच वेळ बघून गेला.

उस्तादाचा दुसरा नियम असा की ज्याला बॉल घ्यायचा, त्यानं "मेरा" म्हणून ओरडायचं. दुसरा कुठलाही शब्द चालणार नाही. "मेरा" ऐकलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं.

इथं माझं अडलं. माझी सगळी शाळा उर्दूतून झालेली. मनातल्या मनात हिशेब मी आजही उर्दूतच करतो. पण पोलीस अ‍ॅक्शननंतर आमच्यातल्या बऱ्याच जणांना एकाएकी उर्दू कळेनाशी झाली होती, आणि त्यात मी पुढं होतो. "मेरा" हा काही मोठा उर्दू शब्द नव्हे, पण तो उस्तादानं सांगितलेला होता. मी तो म्हणणार नाही, असं होस्टेलवर जाहीर केलं आणि मैदानावर "येऊ दे" म्हणू लागलो. उस्ताद मला सारखा हटकायचा. "येऊ दे" म्हणजे कुणी घ्यायचा, असं त्याचं विचारणं असे. त्याला मराठी येत नाही, असं मी पोरांना सांगितलं.

हंगाम चांगला गेला. आम्ही जिंकू लागलो आणि लोक सामने बघायला येऊ लागले, याचं आम्हालाही आश्चर्य वाटलं. अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत बरोबरी होती. तेवढ्यात समोरून एक उंच, साधा बॉल आला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गोलकीपर. गोलकीपर लासूर स्टेशनच्या अडत्याचा मुलगा, माझ्याहून लहान. मी ओरडलो, "येऊ दे."

मला म्हणायचं होतं, माझ्याकडे येऊ दे. तो समजला, स्वतःकडे येऊ दे, पुढं जाऊ नकोस. दोन्ही अर्थ मराठीत बरोबर आहेत. तो जागेवर थांबला, माझा डावा पाय हवेत फिरला आणि बॉल आम्हा दोघांच्या मधून टप्पे घेत, फारशी घाई न करता आत गेला. उस्ताद तेव्हा रेषेबाहेर आमच्या एका खेळाडूच्या घोट्याला पट्टी बांधत होता. त्यानं मान वर केली तेव्हा समोरचा संघ नाचत होता.

संध्याकाळपर्यंत शहागंजात बातमी झाली की निजामाच्या माणसानं सामना विकला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला आणि गोलकीपरला बोलावलं. गोलकीपर म्हणाला, "‘येऊ दे’ आयकू आलं सर, म्हणून मी थांबलो."

साहेब माझ्याकडे वळले. "उस्ताद मैदानावर ‘आने दो’ म्हणतात, हे खरं?"

"हो सर."

"म्हणजे ‘येऊ दे’."

"हो सर."

भाषांतर अचूक होतं. मी एक अक्षरही खोटं बोललो नाही, आणि पुढं कित्येक वर्षं मी त्यावर निभावून नेलं.

बाहेर आल्यावर गोलकीपर म्हणाला, "दादा, कोण म्हणलं ते सरांनी इचारलंच नाय."

"मग तू कशाला सांगतोस," मी म्हणालो. त्यानं सांगितलं नाही.

उस्तादाची चौकशी वगैरे झाली नाही. हंगाम संपला, एवढंच त्याला कळवलं. कॉलेजची शिट्टी परत द्यायला तो होस्टेलवर आला. आवाज कुणाचा होता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळा हंगाम तो त्याच आवाजाला हटकत आला होता. तो चिडेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलला.

"कप्तानसाब, ‘माझा’ म्हणला असता तरी चाललं असतं."

मी म्हणालो, बरं. तयार ठेवलेलं उत्तर उर्दूबद्दल होतं, ते इथं लागू पडेना. तो हैदराबादच्या गाडीला गेला. पोरांपैकी काहीजण स्टेशनवर पोचवायला गेले. मला वर्ग होता.

मागची खोली तशीच पडून राहिली. दुसऱ्या वर्षी बॉल आणि बूट ठेवायला जागा हवी, असा मी कप्तान म्हणून अर्ज केला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तिची किल्ली मला दिली.