माळावरची जाळरेषा

दौंडच्या बाजूच्या माळावर वनरक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा त्या कामावर माझ्याआधी बाईमाणूस कोणी आलेलं नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी न्हावऱ्याकडची, ऊस-कांद्यात वाढलेली. ऊन आणि विळा, दोन्ही ओळखीचे.

माळावर खात्यानं लावलेली कडुनिंबाची आणि सिसूची झाडं नुकती माणसाच्या उंचीला आली होती आणि त्यांच्यामध्ये कमरेएवढं गवत. थंडी सरली की ते इतकं वाळायचं, की कुणी विडीचं थोटूक टाकलं तरी सगळं रान जावं. म्हणून उन्हाळ्याआधी आपणच कडेकडेनं गवताचा पट्टा जाळून घ्यायचा. मग बाहेरून आग आलीच, तर तिला पुढं खायला काही मिळत नाही. या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात.

पहिल्या वर्षी पट्टा आखायला गेले, तर एक म्हातारे मेंढपाळ गवतात मांडी घालून बसलेले. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

"उठा आबा, हितनं जाळायचंय."

"न्हाई उठत. आग लागंल म्हून तुमीच आग लावनार? आन् माझ्या मेंढरांनी काय राख खायाची?"

त्यांचं चुकत नव्हतं. रोपवनात चरायला बंदी होती आणि तेवढं हिरवं-पिवळं गवत ते रोज कुंपणाबाहेरून बघत होते. मी वनपाल साहेबांना विचारून आले आणि म्हणाले, "पट्ट्यातलं गवत आधी कापून न्या. बुडखे राहतील तेवढेच मी जाळते."

आबा कपड्यावरची कुसळं झटकत उठले. "आसं आधी बोलायचं की, पोरी."

त्यांच्या दोन्ही सुनांनी गवत कापून नेलं आणि जाळायच्या दिवशी त्या आपण होऊन मदतीला आल्या. वारा पडलेला, दव नुकतंच उडालेलं. आमचे दोन वनमजूर, पाठीवर फवारणीचे पंप, हातात कडुनिंबाचे ओले डहाळे. बसक्या जाळानं पट्टा काळा होत गेला. कुठंही रेष सोडून आग गेली नाही.

चैत्र उलटल्यावर मात्र खरी वेळ आली. कुंपणापलीकडच्या वावरात एकानं ऊसतोडणीनंतर उरलेलं वाळलं पाचट पेटवलं, वारा सुटला आणि जाळ माळाच्या गवतात शिरला. मी मजुरांना घेऊन पोचले तेव्हा धूर बघून आबाही सुनांना घेऊन आले होते आणि माणसापेक्षा उंच ज्वाळा आमच्याकडं निघाल्या होत्या. बघताक्षणी कळलं, नुसत्या पट्ट्यानं हे भागायचं नाही. ठिणग्या उडून पलीकडं पडणार.

"पट्ट्याच्या बाहेरच्या कडेचं गवत पेटवा," मी म्हणाले.

थोरला मजूर जागचा हलेना. "मॅडम, म्होरनं आग येतीया आन् आपुन आजून लावायची?"

"ती इथवर यायच्या आत मधलं गवत संपलं पाहिजे. द्या काडेपेटी."

मीच पहिली काडी लावली. आमचा जाळ आधी वाऱ्याविरुद्ध रांगत गेला, मग मोठी आग जवळ आली तसा तिच्याकडं ओढला गेला. दोन्ही आगी भिडल्या. एकदम भडका उडाला आणि मग मागं-पुढं कुठंच गवत नसल्यानं तो खाली बसला. एका ठिकाणी ठिणगी आत पडली होती, ती आबांच्या धाकट्या सुनेनं डहाळ्यानं झोडून विझवली. कडेचे थोडे सिसू होरपळले, बाकी सगळं रोपवन उभं होतं. आम्ही तिथंच बसून एकाच कळशीतलं पाणी प्यालो. आबा काठी टेकत राखेपर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "थांबली की गं खरंच!"

पाचट पेटवणारा शेतकरी घाबरून बांधावर उभा होता. नियमानं त्याच्यावर गुन्ह्याची नोंद मी केलीच, पण त्याला सांगितलं, "पुढच्या वेळी बांधाकडची पट्टी आधी साफ करायची, आणि मला बोलवायचं."

पुढच्या हंगामात तो सायकलवरून बोलवायला आला. मी गेले. पहाटेच्या गारव्यात, पाण्याचे डबे भरून ठेवून, त्याच्या वावरातलं पाचट आम्ही दोघांनी उभं राहून जाळलं. त्यानंतर त्या गावात पाचट पेटवायच्या आधी मला निरोप यायला लागले.