गुडघ्यातल्या पाण्याची फॅट

गुडघेदुखीवाल्यांच्या बाकड्यावर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, कुसळांसारखे धोतराला आपोआप चिकटतात. मी आन् शेजारचा आप्पा, दोघं खुटबावचे. दौंडच्या एका दवाखान्यात गुडघ्यातलं पाणी काढून तपासायचे, तिथं जायचो.

*

डॉक्टरीणबाईंनी आधी समजावलं. हाडाच्या टोकाला गादी असते, कुर्चा. संधिवातात नाहीतर मार लागल्यावर ती खाणारं एन्झाईम पाण्यात वाढतं, ते मोजायचं. आप्पानं मान डोलावली आन् बाहेर येऊन मला म्हणाला, "डेअरीत दुधाची फॅट काढत्यात तसंच हाय. जास्त लागंल तेवढी भारी."

*

बाकड्यावर कारेगावचा एक कंपनीवाला होता, मोटरसायकलवरून पडलेला. सुई बघून पांढरा पडला. मी धीर दिला, "घाबरू नका, चरवीभरच काढत्यात." गडी जिन्यापर्यंत पोचला. लंगडायचं पार विसरला.

*

निकाल आला. आप्पाचं एन्झाईम सगळ्यांत जास्त. त्यानं गावात पेढे वाटले. मला पेढा देताना हळूच, "तुझी किती लागली रं?" माझ्यात जवळपास नव्हतंच. अंगाची लाही झाली. वर डेअरीपुढनं जाताना रांगेतली पोरं विचारतात, "आबा, पाण्यात बी पाणी घातलं का?"

*

मग बाईंनी आप्पाला फोड करून सांगितलं, जास्त म्हणजे वाईट, गादी झिजतीय. मला वाटलं, जिरली. कशाची जिरतीय? त्याच्या सुनेनं त्याला अंगणात खाट टाकली, रोज शिरा. आन् इकडं मी गुडघ्याच्या नावावर दिवाळीपासून दुधाची किटली उचलली नव्हती, ती कारभारणीनं माझ्या हातात दिली. "एन्झाईम न्हाई म्हणं तुमच्यात. निघा." वाट आप्पाच्या अंगणावरून. तो शिऱ्याचा चमचा वर करून रामराम घालायचा.

*

पुढच्या खेपेला दोघांचं पाणी परत काढलं. कारभारीण मुद्दाम सोबत आलेली, दाराबाहेर बसून. टेबलावर दोन बाटल्या शेजारी शेजारी. मी आवाज बारीक करून म्हणालो, "बाई, गाईच्या दुधाला फॅट लागंना की आम्ही त्यात वाईच म्हशीचं ओततो. आप्पाचं थोडं माझ्यात ओता की."

बाई काही बोलायच्या आत पलीकडच्या खाटेवर आप्पा कण्हत उठून बसला.

"बाई, माझी बाटली इकडं द्या. थेंबभर देणार न्हाई मी ह्याला."