शिझुनोमावशीची भट्टी

घड्याळ लावून अंडी उकडणारा माणूस आमच्या गरम झऱ्यांच्या कान्नावा गावचा नव्हेच, असं शिझुनोमावशी तोंडावर म्हणायची. तिच्या भाड्याच्या खोल्या माझ्या भाजीच्या दुकानाला लागून. गुडघे-कंबर धरलेली माणसं तिथे महिना महिना राहायची, गरम पाण्यात बसायची आणि अंगणातल्या दगडी भट्टीवर, जमिनीतून येणाऱ्या वाफेत, आपापलं जेवण शिजवायची. चाळण पाहुण्यांनी ठेवायची, पण काढायची कधी ते मावशी सांगणार. तीही पाठमोरी बसून, नुसता वाफेचा आवाज ऐकून. "काढ गं, रताळं झालं." पन्नास वर्षांत कधी चुकली नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र चुकायला लागली. अंडी रबरासारखी, माशाचा लगदा. वाफ मरत चाललीय म्हणायची आणि व्हॉल्व्ह आणखी सोडायची. पाहुणे कुरकुरत निघून गेले. उरले एकटे तोकुशिगे, कुरे बंदराच्या गोदीत जन्म काढलेले, बावीस हिवाळे न चुकता येणारे. त्यांनाही मावशीनं सांगून टाकलं, महिनाअखेर पुजारी बोलावून भट्टी बुजवणार आणि खोल्यांना कुलूप घालणार.

मला काही पटेना, म्हणून बघायला गेले. वाफेचा असा गदारोळ की तोकुशिगेंशी ओरडून बोलावं लागलं. आणि मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकतेस ना, कशी कण्हतेय बिचारी?"

तोकुशिगेंनी मान खाली घातली. त्यांना केव्हाच कळलं होतं, तरी महिनाभर तो लगदा मुकाट्यानं गिळत होते. बाहेर गाठून मी त्यांना चांगलं झापलं. ते एवढंच म्हणाले, "दोष वाफेला देतेय तोवर तिचं बरं चाललंय. मी कोण सांगणार?" माझी जीभ फटकळ, अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण मलाही सांगवेना. आम्ही दोघंही भित्रे, दुसरं काय.

बुजवायच्या दिवशी पुजाऱ्यानं मीठ ठेवलं, तांदळाची दारू, साके, शिंपडली. मग रीतीप्रमाणे निरोपाचा नमस्कार करायला मावशीनं दोन्ही तळवे झाकणावर टेकवले. झाकण थडथडत होतं. तिनं हात उचललेच नाहीत. कोणाकडेही न बघता म्हणाली, "ही तर धडधाकट आहे. गेले ते माझे कान."

पुजारी तसाच परत गेला. भट्टी राहिली. मावशी मात्र महिनाभर अंगणात आली नाही. मला ते बघवत नव्हतं.

यंदा तोकुशिगे पुन्हा आलेत. मावशी जुन्या जागी पाठमोरी बसते. शेजारी मी, एप्रनखाली घड्याळ लपवून. वेळ झाली की हळूच तिच्या पाठीला बोट लावते.

"काढा हो," ती म्हणते, "रताळं झालं."