मंदाताईचे एकाक्षरी हुकूम

वरठीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा मंदाताईच्या भावाचा फोन आला. "ताई गेली गा..." एवढंच बोलला. गाडी आली, गेली. मी बाकावरच बसून राहिलो. त्याला आता महिना होऊन गेला.

आमच्या भंडाऱ्यातल्या छोट्याशा ऑफिसातून पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर सांभाळले जातात. मंदाताई तिथे माझ्याही आधीपासून. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं, नव्या वसाहतीतून रोज एसटीने यायची. कॉलेजातच संधिवाताने तिची बोटं वाकडी केली होती. "धानाच्या रोवन्यातून सुटली, म्हनून कॉम्प्युटर शिकली," असं स्वतःच हसत सांगायची. पण सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर माउस चालत नाही, हुकूम, म्हणजे कमांड, टाइप करावे लागतात, आणि तिला एकेक अक्षर दुखायचं. मग तिने अक्षरं वाचवायला घेतली. फाइलचं नाव दोन अक्षरांपुढे लिहायची नाही. टॅब दाबला की उरलेलं मशीनच पुरं करायचं. कंट्रोल आणि आर दाबून महिन्यापूर्वीचा लांबलचक हुकूम शोधून काढायची. रोजच्या कामांना तर तिने एकेका अक्षराची टोपणनावंच दिली होती; ते एक अक्षर दाबलं की अख्खा हुकूम चालायचा.

नवे साहेब आले ते तिचे हात पाहूनच कुरकुरले. "यांच्यानं होईल का हे?" असं तिच्यासमोर मला विचारलं, आणि तिला फोन घ्यायच्या टेबलावर बसवायचं ठरवून टाकलं. माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात एका सकाळी सर्व्हर तुंबला. लॅबमध्ये पेशंट रिपोर्टसाठी खोळंबलेले. साहेब आणि मी दहा-दहा बोटांनी धडपडत होतो. ती खुर्ची ओढून बसली, दोन बोटांनी टकटक केलं, आणि आमचा हुकूम निम्मा लिहून व्हायच्या आत रिपोर्ट निघायला लागले. दुसऱ्या दिवशी साहेब वही घेऊन तिच्याशेजारी बसले. "मॅडम, मलाही शिकवा." एवढा अभिमान मला स्वतःच्या बढतीचाही वाटला नव्हता.

फक्त एका हुकुमाला तिने टोपणनाव दिलं नाही... पुसून टाकण्याच्या. तो ती पूर्ण लिहायची, टॅबसुद्धा न दाबता, ओठ घट्ट मिटून. मी एकदा विचारलं, "ताई, काहून तरास करून घेऊन राहिली?"

"पुसाच्या कामाले दुखलंच पायजे गा. तेवढ्यात मानूस इचार करते."

मागच्या आठवड्यात तिचं खातं सर्व्हरवरून पुसायचं काम माझ्याकडे आलं. माणूस गेला की खातं काढायचं, नियमच आहे. मी तिच्या पद्धतीने अक्षर न् अक्षर लिहीत गेलो. तिचं नाव लिहून झालं आणि बोटं थांबली. ज्या टोपणनावांवर आमचं अख्खं ऑफिस चालतं, ती सगळी त्याच खात्यात होती. उठून साहेबांकडे गेलो, ते सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "राहू द्या ते," म्हणाले. "माझी सकाळ त्याच्यावरच सुरू होते."

परत जागेवर आलो आणि लिहिलेला हुकूम खोडला... शेवटाकडून, एकेक अक्षर.