भिंतीपलीकडचं लेकरू

सोलापुरात कधी लाजेचा दुष्काळ पडला असता, तर आमच्या शेजारच्या जॉबरांच्या एकट्या घरातून साऱ्या शहराला पुरवठा झाला असता. आता, हा माणूस लाजाळू आहे असं कुणी गिरणीत जाऊन सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच खुळ्यात काढलं असतं. कापडगिरणीच्या मागखात्यात ते जॉबर, म्हणजे मुकादम; शेकडो माग धडधडत असताना त्यांची हाक या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाई. साहेबाला तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणणारा खात्यातला हा एकच माणूस, अशी त्यांची ख्याती होती. आमच्या गल्लीत एकदा पिसाळलेलं कुत्रं शिरलं, तेव्हा काठ्या शोधायला आम्ही सगळे घरात पळालो आणि जॉबरांनी त्याला नुसतं ओरडून वेशीपर्यंत घालवलं. असा हा आडव्या अंगाचा, भरघोस मिशांचा माणूस स्वतःच्या पोटच्या पोराचा विषय निघाला की कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होई आणि नीट बसलेला फेटा पुन्हा पुन्हा सारखा करू लागे.

त्यात एकट्या जॉबरांचा दोष नव्हता. वडीलधाऱ्यांच्या देखत बापानं आपलं पोर उचलायचं नाही, ही त्या काळची रीतच होती. भावाचं पोर खुशाल खांद्यावर नाचवा, शेजाऱ्याचं कडेवर घेऊन बाजार फिरा, पण आपलं घेतलंत की "बघा, किती निलाजरा झालाय" असं व्हायचं. आजोबांना नातू मांडीवर घ्यायला मोकळीक होती, बापाला नव्हती. जॉबरांचे वडील, ज्यांना ते आबा म्हणत, माळशिरसकडची मेंढरं विकून लेकाकडे राहायला आलेले. ते दिवसभर ओट्यावर असे बसत की घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या नजरेखालूनच जावं लागे. माझेही वडील आमच्या ओट्यावर असेच बसत. दोन घरांमध्ये एक कमरेइतकी भिंत आणि दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा.

त्यात योग असा की आमच्या दोघांच्या बायका एकाच पंधरवड्यात बाळंत झाल्या. दोघींनाही माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपणं इथेच झाली. आम्हाला मुलगी, त्यांना मुलगा. पद्मशाळी विणकरांच्या गल्लीतली एक म्हातारी येऊन दोन्ही पोरांना पायांवर घेऊन तेलपाणी करी, धुरी देई आणि जाताना दोन्ही बापांकडे बघून तेलुगूत काहीतरी पुटपुटे. ते काही कौतुकाचं नसावं.

बाळाची चौकशी करायची तर जॉबरांपुढे मोठीच अडचण होती. आबांच्या देखत बायकोशी बोलायचं नाही आणि पोराचं तर नावही काढायचं नाही. मग गिरणीची पाळी सुटल्यावर ते अंगणात उभे राहून भिंतीवरून माझ्या बायकोला खड्या आवाजात विचारीत, "वैनी, पोरीला आज शी झाली का?" पहिल्या दिवशी तिला ते अपमानास्पद वाटलं. परक्या पुरुषानं आपल्या लेकीच्या शीची चौकशी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी करावी! ती तोंड उघडणार एवढ्यात जॉबरांच्या स्वयंपाकघरातून बारीक आवाजात उत्तर आलं, "झाली की, दोनदा. पिवळी हाय." तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर आमची मुलगी दूध प्याली का, तिचं पोट दुखतंय का, तिच्या नाळेची जागा सुकली का, हे सगळं जॉबर विचारीत आणि उत्तरं त्यांच्याच घरातून येत.

एकदा त्यांनी बाजारात एक सुरेख टोपडं पाहिलं. घेतलं तर खरं, पण आबांच्या समोरून ते घरात न्यायचं कसं? त्यांनी ते डोक्यावर ठेवलं आणि वरून फेटा बांधला. आबा म्हणाले, "आज फेटा लई उंच झालाय रं." जॉबर म्हणाले, "व्हय आबा, गिरणीत वारं लई." गिरणीतल्या वाऱ्याचा आणि फेट्याच्या उंचीचा काय संबंध, हे आबांनी विचारलं नाही. ते फक्त खाली बघून तंबाखू मळत राहिले.

शेवटी भिंतीवरून पोरांची अदलाबदल सुरू झाली ती माझ्या लेकीच्या रडण्यानं. एका सकाळी ती थांबेचना. माझे वडील समोर बसलेले, त्यामुळे मी हात बांधून उभा. बायकोचे हात पिठात. जॉबरांनी भिंतीवरून दोन्ही हात पुढे केले, "आणा हिकडं तिला." परक्याचं पोर घ्यायला कुणाची बंदी? त्यांनी तिला घेतलं ते कापडाचा ताका धरावा तसं. "मान धरा, मान!" माझी बायको आतून ओरडली. जॉबरांनी मान धरली, आणि त्या क्षणापासून त्यांचं शिक्षण सुरू झालं. लगेच त्यांच्या बायकोनं त्यांचा मुलगा भिंतीवरून माझ्याकडे दिला, कारण फेड तर झालीच पाहिजे. तेव्हापासून रोज सकाळी त्यांचं पोर माझ्याकडे आणि माझं त्यांच्याकडे. दूध पाजल्यावर खांद्याशी धरून पाठीवर हलकेच थोपटायचं, ढेकर आली की मगच आडवं करायचं, लंगोट सैल बांधायचा, टाळूवर तेल घालताना बोट दाबायचं नाही, हे सगळं जॉबर माझ्या मुलीवर शिकले आणि मी त्यांच्या मुलावर. त्यांच्या चिरंजीवांनी माझ्या शाळेच्या एकुलत्या एका कोटाची जी दशा केली, ती मी वर्गात खडूच्या पाण्याच्या नावावर खपवली.

दोन्ही ओट्यांवर मात्र आमची कीर्ती वाढत चालली. माझे वडील म्हणत, "जॉबर माणूस मोठा मायाळू हो, परक्याच्या पोरीला किती जपतो!" पलीकडून आबा म्हणत, "मास्तर बी गुणाचा हाय." त्यावर आम्ही दोघेही माना खाली घालीत असू. चोरून केलेल्या गोष्टीची उघड स्तुती ऐकताना तोंड कुठे ठेवावं ते कळत नाही.

या शिक्षणात एकच वैगुण्य राहिलं. जॉबरांना सारी माहिती होती ती माझ्या मुलीची. ती उजव्या खांद्यावर झोपते, कपाळावर बोट फिरवलं की हसते, हे त्यांना पाठ होतं. मुलगा कसा झोपतो, हे त्यांना मला विचारावं लागे. ते विचारताना त्यांचा तो मागखात्यातला आवाज इतका खाली जाई की मला भिंतीवर वाकावं लागे. "मास्तर, त्यो... त्यो जड हाय का हो हाताला?" एवढंच ते एकदा म्हणाले आणि घाईघाईनं बंब पेटवायला निघून गेले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. ज्याचं पोर त्याला ते हाताला किती लागतं हे मी सांगायचं, यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. पण मी तरी कुठे वेगळा होतो?

मग एका रविवारी गिरणी बंद असताना ते घडलं. जॉबरांची बायको नळावर गेली होती. जाण्यापूर्वी तिनं पोराला पाजून झोळीत टाकलं होतं, आणि घाईत ढेकर काढायची राहून गेली होती. आबा झोळीची दोरी ओढत बसले होते, जॉबर उंबऱ्यात. मी अंगणात दाढी करीत होतो. एकाएकी आबांचा आवाज आला, "अरं, ह्यो असा का करतोय?" पोराला उलटी होऊन दूध श्वासात गेलं होतं. ते रडतही नव्हतं. जॉबर झोळीपाशी धावले, वाकले, हात पुढे केले आणि आबांकडे बघून तसेच थबकले. आणि ओरडले, "मास्तर! अहो मास्तर, या की!"

मी साबणाच्या तोंडानं भिंतीवर चढलो तेव्हा मला त्यांचं तोंड दिसलं. ते तोंड मला आजही नको वाटतं. पोर काळंनिळं पडत होतं आणि त्याचा बाप त्याला उचलण्यासाठी शेजाऱ्याची वाट बघत होता.

"अरं, उचल की त्याला!" आबा कडाडले. "कुणाचं हाय ते?"

जॉबरांनी झडप घातली. पोराला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं, मान सावरली आणि पाठीवर थापट्या मारल्या. तोंडातून दूध बाहेर आलं, मग खोकला, आणि मग असं काही रडणं की पलीकडे माझी मुलगीही जागी होऊन रडू लागली. मी पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं. धोका टळला तशी जॉबरांची लाज परत आली. त्यांनी खाली बघत पोर माझ्यापुढे केलं.

"त्याला देऊ नगंस," आबा म्हणाले. "तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

मग ते आमच्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत बोलू लागले. "तुला म्या कंदी घेतलं न्हाय. माजा बा समोर असायचा. मेंढरामागं चालताना कोकरू काखंत घ्यायचो, त्याची लाज न्हवती. तुजी आई मागनं तुला घिऊन यायची, दमायची. तू रडायचास. आन म्या कोकरू घिऊन म्होरं."

जॉबरांनी पोराला छातीशी धरलं होतं. त्यांच्या मिशा ओल्या झालेल्या मी प्रथमच पाहिल्या. मी भिंत ओलांडून परत आलो. आमच्या ओट्यावर माझे वडील बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. त्यांनी जपमाळ हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मीही काही विचारलं नाही. त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत, आणि त्यांनी मला कधी घेतलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

जॉबर त्या दिवसापासून एकदम निर्भीड झाले असं मात्र कुणी समजू नये. पोराला ते घेऊ लागले, पण आबांकडे पाठ करून. आबाही जॉबर दिसले की दुसरीकडे बघत. दोघांनी मिळून ही सोय केली होती आणि तीत दोघंही सुखी होते.

पुढे पोरगं पळायला लागलं आणि आबांचे पाय गेले. मग रोज सकाळी जॉबर त्यांना दोन्ही हातांवर उचलून ओट्यावर आणून बसवीत. म्हातारा अंगानं वाळून हलका झाला होता. पहिले काही दिवस आबा शरमेनं डोळे गच्च मिटून घेत. एका थंडीतल्या सकाळी मी भिंतीशी उभा होतो. जॉबर त्यांना घेऊन बाहेर आले आणि ठेवायला वाकले. आबांनी त्यांच्या मानेभोवतीचा हात काढला नाही.

"थांब जरा," आबा म्हणाले. "ऊन तरी येऊ दे की."

ओटाभर लख्ख ऊन पडलं होतं. जॉबरांनी ओट्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"व्हय आबा," ते म्हणाले, "अजून आलं न्हाय." आणि त्यांना घेऊन तसेच उभे राहिले.