जुन्या सरसावर पांढरा गोंद

भाऊजी गेल्याचा फोन भाचीनं केला. "मामा, बाबा नहीं रहे..." एवढंच बोलली. रायपुरातल्याच गुढियारीहून भाऊजींच्या घरी, तात्यापाऱ्यात पोचेपर्यंत मी रडलो नाही. खरं सांगायचं तर रागच आला होता. इतकी वर्षं ज्या माणसानं स्वतःला जाळून घेतलं, तो सुटला, त्याचं रडायचं काय?

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. रेल्वेतून रिटायर झालेले, हौशी सुतार. रायपूर राजधानी झालं, घरोघरी नवं फर्निचर आलं, पण यांच्याकडे लंगडं स्टूलही टाकायचं नाही! त्याचा पाय निखळला तेव्हा खाचेतला वाळलेला जुना सरस, म्हणजे हाडा-कातड्याचा शिजवलेला डिंक, न खरवडताच त्यांनी वरून पांढरा गोंद ओतला आणि पाय ठोकून बसवला. "आता हत्ती बसवा," म्हणाले. दिवाळीआधी जळमटं काढायला ताई त्यावर चढली. पाय सुटला. खुब्याचं हाड मोडलं, तिनं अंथरूण धरलं, आणि होळी काही पाहिली नाही.

लोक म्हणाले, वय झालं होतं, स्टूल निमित्त. भाऊजींना ते पटेना. आपल्या हातून झालं की नाही, हे त्यांना कळायलाच हवं होतं. मग मागच्या खोलीत सागवानाच्या पट्ट्या आल्या. सरसावर सरस, सरसावर पांढरा, पांढऱ्यावर पांढरा... चिकटवायचं, वाळू द्यायचं, मग विटा भरलेली बादली टांगायची. सरस शिजला की घरभर घाण वास. मी वैतागायचो, "काहून जिवाले त्रास देऊन राहिले भाऊजी? ताई येणार हाये का परत?" ते वर बघतही नसत.

एका दुपारी त्यांनीच बोलावलं. सरसावरचा सरस धरून होता. कोऱ्या लाकडावरचा पांढराही पक्का. जुन्या सरसावरचा पांढरा मात्र त्यांनी माझ्यासमोर नखानं उचलला. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सोलून आला.

"पाह्यलं? गोंदाचा दोष नव्हता. मी खरवडलं असतं तं तुझी बहीण असती आज."

"होणारं होतेच, भाऊजी."

"खोटं नको बोलू मले."

बहीण माझी होती. राग माझ्याही मनात होताच. त्यानंतर ते हसलेले मला आठवत नाहीत.

तेरवीच्या दिवशी भाचीनं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी टेकणार तोच म्हणाली, "मामा, रुकिए जरा." दोन्ही हातांनी पाठ धरून तिनं खुर्ची गदागदा हलवली, वाकून एकेक पाय दाबून पाहिला. बाबांचीच सवय. ताई गेल्यापासून या घरात कुणाला तसंच बसू दिलं नाही त्यांनी, दारी आलेल्या पाहुण्यालाही नाही.

"हव, अब बैठिए."

मी बसलो... पण अंगाचा पुरता भार टाकायला मन धजलं नाही.