दादाची शेवटची चौकट

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी नियमित वाचतो. वाचून झाले की मनातल्या मनात त्यांची कारणंही शोधतो... ताप, झोप, वारा, उंदीर. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. जे घडलं ते घडण्याआधी मी असा होतो, आणि खरं सांगायचं तर आजही बराचसा तसाच आहे. तरीही लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण हे माझ्या भावाबद्दल आहे आणि त्याला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

दादा पालमला शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याची खरी ओळख मात्र व्यंगचित्रांची. आपल्या भागातल्या दैनिकांत आणि दिवाळी अंकांत त्याची चित्रं यायची. बहुतेक चित्रांना शब्दच नसत. तहसीलबाहेर ताटकळलेला म्हातारा, म्हशीला वाट देणारी एसटी, भाषण संपेना म्हणून मंडपाचा खांब धरून झोपलेला माणूस. जुन्या व्यंगचित्रांचं आणि कॉमिक्सचं त्याला वेड होतं. परभणीच्या रद्दीवाल्यांकडून तो जुने दिवाळी अंक, मुलांची मासिकं, मुखपृष्ठ फाटलेली कॉमिक्स आणायचा आणि स्वतः दोऱ्याने शिवायचा.

मी मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे चित्र दिसलं की आधी खालचा मजकूर वाचायचो. तो चिडायचा. "शब्दाला काय बघायलास? हात बघ आधी. तोंड कुणीबी काढतंय." मग कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवून विचारायचा, ही कुणाची? मला कधीच सांगता यायचं नाही. गोष्टीतला नायक सगळ्या गावाला पाठ असतो आणि तो काढणारा कुणालाच माहीत नसतो, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं.

यंदा परभणीच्या एका दिवाळी अंकाने त्याच्यावर काही पानं काढायचं ठरवलं. संपादकांना त्याचं शेवटचं मूळ चित्र हवं होतं. ते घ्यायला मी पालमला गेलो.

चित्र त्याच्या टेबलावर तसंच होतं. न्हाव्याचं दुकान. खुर्चीत अर्धी दाढी झालेलं, गालाला फेस लागलेलं गिऱ्हाईक, आणि वस्तरा हातात धरून दाराशी मोबाइलवर गप्पा मारणारा न्हावी. गिऱ्हाइकाने खुर्चीचे हात घट्ट धरलेले. मला हसू आलं, आणि मग बराच वेळ दुसरं काही करता आलं नाही.

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी चित्राच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. चौकटीची रेघ खाली कोपऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती. बोटभर जागा कोरी राहिली होती.

"एवढं राह्यलंय बघा," त्या म्हणाल्या. "तेवढी चौकट पुरी करून न्या, भावजी. त्यांचं अर्धं काही जाऊ नये."

"मी कशी करू? मला सरळ रेघही येत नाही."

"पट्टी हाय की. एवढे शिकलेले तुमी, पट्टीनं रेघ ओढता येत न्हाई?" आणि त्या चहा टाकायला गेल्या.

खोली लहान आहे. एक दार, गज असलेली एक खिडकी. दार मी लोटून घेतलं, कारण वाऱ्याने कागद हलत होता. दादाचा टाक घेतला, शाई ढवळली, पट्टी धरली आणि ती बोटभर रेघ ओढली. बरी जमली. वाळेपर्यंत थांबलो आणि चित्र वहिनींना दाखवावं म्हणून दाराकडे गेलो.

दार उघडेना.

बाहेरून कडी लागली असेल, असं वाटलं. पण कडी लागलेलं दार ओढलं की थोडं तरी खडखडतं. हे हललंच नाही. भिंतीवर कुणी दाराचं चित्र काढावं आणि आपण त्याची मूठ धरून ओढत बसावं, तसं वाटलं. हाका मारल्या. उत्तर आलं नाही, आणि मग लक्षात आलं की स्वयंपाकघरातली भांडी, रस्त्यावरच्या मोटारसायकली, काहीच ऐकू येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता.

खिडकीशी गेलो. समोरच्या भिंतीला पुढचे पाय लावून एक शेळी कडुलिंबाचा पाला खात होती. म्हणजे, खाण्याच्या बेतात होती. डहाळी तिच्या तोंडाशी होती आणि जबडा हलत नव्हता. मी बघत राहिलो. शेळी तशीच. पानंही तशीच. रस्त्यावर सायकलवाला एक पाय पॅडलवर ठेवून उभा... आणि उभाच.

मी खुर्चीत येऊन बसलो. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, कारण उन्हाचा कवडसाही जागचा हलत नव्हता. इथून बाहेर पडणं आता माझ्या हातात नाही, हे समजलं की माणूस ओरडत नाही. हात कशाला तरी घट्ट धरतात. माझ्या हातांनी खुर्ची धरली होती. ते मला दिसले आणि टेबलावरचं गिऱ्हाईकही दिसलं.

नजर वळवायला म्हणून भिंतीवरची दादाची चित्रं बघू लागलो. आयुष्यात पहिल्यांदा शब्द शोधले नाहीत. म्हाताऱ्याचे हात बघितले, एसटी ड्रायव्हरचे, खांब धरून झोपलेल्याचे. आणि मग चौकटी दिसल्या. एकही पूर्ण नव्हती. प्रत्येकीत कुठेतरी बोटभर फट. म्हाताऱ्याच्या चित्रात ती त्याच्या काठीजवळ, मंडपाच्या चित्रात खांबामागे. चित्रात जो अडकला आहे, त्याला पोचता येईल अशा जागी. छापील अंकांत ही तुटलेली रेघ मी कितीदा बघितली असेल. दर वेळी छापखान्याला नावं ठेवली होती.

या चित्रांच्या मधोमध त्याने एका जुन्या मासिकाचं पिवळं पान लावलं होतं. पळणाऱ्या चोराचा एक पाय चौकटीबाहेर पडलेला. सही पुसट. "ह्या माणसाला कळलं होतं," एवढंच दादा त्या पानाबद्दल म्हणायचा. काय कळलं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

आपल्या भाषेत चित्रालाही चौकट असते आणि दारालाही. हा शब्द मी वर्षानुवर्षं वर्गात वापरला, पण दोन्ही अर्थ एकत्र असे कधी समोर आले नव्हते.

चुकलेली शाई दादा ब्लेडने खरवडायचा. ब्लेड टेबलावरच होतं. पण हे त्याचं शेवटचं चित्र, आणि मी असं कधी काही खरवडलेलं नव्हतं. कागद फाटला असता तर दुसरा नव्हता. तरीही मी ब्लेड टेकवलं आणि माझी रेघ खरवडू लागलो. शाई भुकटी होऊन निघाली. कागद तिथे खडबडीत झाला, पण फाटला नाही.

बाहेर शेळीने पाला ओरबाडल्याचा आवाज आला.

मान वर केली तर दार सताड उघडं होतं. आणि टेबलावर, माझ्या कोपराशी, चहाचा कप होता. थंड, वर जाड साय आलेला.

वहिनी दारात आल्या. "कुठं गेल्ते, भावजी? सांगून तरी जायचं."

"इथेच आहे. दार लागलं होतं."

"दार कुणी लावलंय? उघडंच हाय कवापासून. मी दोनदा येऊन गेले. खुर्ची रिकामी. म्हनलं गेले असतील चौकात, म्हनून च्या ठेवून गेले." मग थोडं हसून म्हणाल्या, "तुमच्या दादाचं बी असंच. घरात असून घरात नसायचे."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टिंगल केली नाही. भिंतीवरची चित्रं एकेक करून बघत गेल्या आणि प्रत्येक फटीवर बोट ठेवत गेल्या.

"मुद्दाम ठेवायचे होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, शाई संपली."

त्या दुपारनंतर मी बराच विचार केला आहे. मला डुलकी लागली असेल, असं डॉक्टर मित्र म्हणतो. लागलीही असेल. मग वहिनींना खुर्ची रिकामी का दिसली, हे त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला आलं तर जरूर लिहा.

चित्र आता अंकाकडे गेलं आहे. फट तशीच छापा, असं मी संपादकांना बजावलं आहे. पण ते पाकिटात घालण्याआधी वहिनींनी माझ्या हातातून घेतलं. खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं, मग त्या कोपऱ्याकडे. खूप वेळ.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एवढ्या जागेतून जाता येईल का हो त्यांना?"

मी ब्लेड घेतलं आणि फटीलगतची रेघ अजून थोडी खरवडली.